उभ्या जहाजाचं पाणी

"मॅडम, माणूस खरं बोलला म्हणून सगळा घोळ झाला," असं म्हणत मेहुलभाईंनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्क्रीन लालभडक.

मेहुलभाईंचा बोईसरच्या एमआयडीसीत पंपांचा कारखाना आहे. फार मोठा नाही, पण माल चोख. मी त्यांच्याकडे महिन्यातून एखादी चक्कर मारते. त्या दिवशी मात्र त्यांनी फोन करून बोलावून घेतलं होतं, आणि गेल्या गेल्या चहाच्या आधी स्क्रीन दाखवला म्हणजे प्रकरण गंभीर असणार.

मी काय काम करते ते आधी सांगायला हवं. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी "एक्स्पोर्टचं बघते" एवढंच म्हणते, कारण खरं उत्तर द्यायला बसलं तर पंगत उठून जाते. मी सँक्शन्सचं काम करते. सँक्शन्स म्हणजे आंतरराष्ट्रीय निर्बंध. काही देश ठरवतात की अमुक देशाशी, कंपनीशी, माणसाशी किंवा जहाजाशी कोणी व्यवहार करायचा नाही. केला तर करणाऱ्यावरही कारवाई. त्याची बँक हात झटकते, गिऱ्हाइकं तोंड फिरवतात. युद्ध न करता समोरच्याला वठणीवर आणायचा हा मार्ग आहे, आणि बॉम्बपेक्षा बरा, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले आहे.

बोईसर-तारापूरच्या कंपन्यांचा माल चुकूनही अशा कोणाच्या हाती जाऊ नये, हे बघणं माझं काम. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं. हिरवं आलं तर माल द्या, लाल आलं तर थांबा. मेहुलभाईंकडे ते मीच बसवून दिलं होतं, आणि स्टोअरमधल्या मुलांना मीच शिकवलं होतं.

दुसरं काम मुंबईच्या एका कन्सल्टन्सीचं. घातलेले निर्बंध नीट आखले होते का आणि त्यांचा खरंच परिणाम झाला का, हे तपासून अहवाल द्यायचा. मास्तर पेपर तपासतात तशी मी निर्बंध तपासते. त्या सुमारास माझ्या टेबलावर निर्बंध घातलेल्या तेलवाहू जहाजांचा गठ्ठा होता.

"कोण माणूस?" मी मेहुलभाईंना विचारलं.

"बाहेर बसलाय. बोलतो, मॅडम आमच्या ओळखीच्या आहेत."

बाहेरच्या बाकावर मधूकाका बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. देवळात जावं तसे तयार होऊन आले होते. मधूकाका एडवणचे. आमची वाडीही तिथेच, नारळ-चिकूची. ते बंदरावरचे, स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट हाकणारे. त्यांची बायको जयूकाकी मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या दारात मासळीची पाटी उतरवते.

"बाय, बरा झाला तू आलीस," काका उठून म्हणाले. "या शेटला सांग, मी काय चोर नाय. एक सील पायजे. कपाटात हाय, दाखवला पन मला. आनि मग नाय बोलले."

सील म्हणजे पंपाच्या फिरणाऱ्या दांड्याभोवती बसणारी कडी. पाणी बाहेर गळू नये म्हणून असते. मुठीत मावते. ती नसली तर एवढा मोठा पंप कुचकामी.

"तुमच्या बोटीला कशाला हवं हे सील?"

"माज्या बोटीला नाय. भावेशच्या जहाजाला."

भावेश हा काकांचा मुलगा. बोटीवर बसण्यापेक्षा मोठ्या जहाजावर जाऊ म्हणून कोर्स केला आणि खलाशी झाला. कुठल्या जहाजावर आहे ते घरच्यांनाही धड माहीत नव्हतं. एजंटाने "गल्फची शिप" एवढंच सांगितलेलं. मग त्याचे फोन यायचे थांबले. जयूकाकीने आमच्या दारात पाटी उतरवून दोनदा डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला होता, आणि "रेंज नसेल गं" असं म्हणून तिची समजूत घातली होती.

पुढचं काकांनी सांगितलं ते असं. एडवणची एक बोट खोल समुद्रात होती. बोटीच्या वायरलेसवर कोणीतरी पाणी मागत होतं. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. कोणीच उत्तर देत नाही म्हटल्यावर तोच आवाज आमच्या बंदरावरच्या बोलीत सुरू झाला. "एडवनची बोट हाय काय रं कोन? आमाला पानी नाय." बोटवाल्यांना वाटलं, कोणीतरी मस्करी करतंय. मग त्यांनी समोर पाहिलं. अवाढव्य टँकर उभा होता आणि त्याच्या कठड्यावरून माणसं हात हलवत होती.

बोटीवर होते नव्हते ते पाण्याचे कॅन त्यांनी दोराला बांधून वर दिले. तेव्हा भावेश बोलला. जहाजावर निर्बंध लागलेत. कुठलं बंदर आत घेत नाही. मालक फोन उचलत नाही. मोठं इंजिन चालू असलं की त्याच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी होतं, पण जहाज उभं म्हणजे इंजिन बंद. खारं पाणी गाळून गोडं करणारं एक लहान यंत्र आहे, त्याच्या पंपाचं सील गेलंय. सगळे जण एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी बादलीत धरून पितायत.

"बाबाला सांगा," तो वायरलेसवर म्हणाला होता, "पंपावर बोईसर लिवलाय."

काका ते एक वाक्य धरून बोईसरला आले. पंप दोन-चार कंपन्या बनवतात. विचारत विचारत बरोबर मेहुलभाईंच्या दारात पोचले. स्टोअरच्या मुलाने कपाटातून सील काढून समोर ठेवलं आणि एंट्रीसाठी विचारलं, कुठल्या बोटीला? काकांनी जहाजाचं पूर्ण नाव सांगितलं. मुलगा शिकवल्याप्रमाणे वागला. नाव टाकलं. लाल.

मी पुन्हा आत जाऊन स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि खुर्चीत बसले. ते जहाज माझ्या गठ्ठ्यात होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, का ते पुढे कळेल.

"मेहुलभाई, हे सील देता येतं," मी म्हणाले. "निर्बंधांत सूट असते. जहाजावरच्या माणसांच्या जिवासाठी लागणारी वस्तू देऊ शकता. पाणी, औषध, अन्न, त्यासाठी लागणारे सुटे भाग. स्पष्ट लिहिलंय."

"वाचून दाखवा."

मी मोबाइलवर कलम काढलं आणि मराठीत सांगितलं. मेहुलभाईंनी शांतपणे ऐकलं.

"देऊ शकता, असं लिहिलंय. द्या, असं कुठं लिहिलंय?"

"तसं नसतं हो."

"मग मी दिलं तर मला विचारणार. बँक विचारणार, उद्या युरोपचा बायर विचारणार. नाही दिलं तर कोण विचारणार मला?"

कोणीही नाही. हे मला त्या क्षणापर्यंत इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

"काकांनी नाव घेतलंच नसतं ना," मेहुलभाई हळू आवाजात म्हणाले, "बोट के लिए चाहिए, एवढं बोलले असते, तर आतापर्यंत सील घेऊन घरी पोचले असते. आता मला माहीत झालं. माहीत झालं की संपलं, हे तुम्हीच शिकवलंत."

खरं होतं. आमच्या धंद्यात याला नॉलेज म्हणतात. माल कोणाकडे जातोय हे माहीत असून दिला की जबाबदारी तुमची. आणि माहीत झालेली गोष्ट पुन्हा अमाहीत करता येत नाही. मेहुलभाई काही दुष्ट माणूस नाहीत. त्यांच्या कारखान्यावर बरीच घरं चालतात. मला त्यांचा राग आला आणि राग धरायला जागाही सापडेना, म्हणून जास्तच राग आला.

बाहेर येऊन काकांना सांगितलं, थोडे दिवस द्या, मी बघते.

"पानी थांबते काय बाय थोडं दिवस?" काका म्हणाले. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं.

मग मी फोन लावत सुटले. बंदरांवर जहाजांची कामं करणाऱ्या एजंटना, जहाजांना पाणी नेऊन देणाऱ्या बार्जवाल्याला, कुरिअरवाल्याला, विम्याच्या ओळखीच्या माणसाला. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं. सगळे म्हणाले, हो मॅडम, परवानगी आहे. आणि सगळे म्हणाले, पण आमची कंपनी त्या जहाजाला हात लावत नाही. एक जण तर इतक्या आपुलकीने बोलला की फोन ठेवल्यावर कळलं, यानेही नाहीच म्हटलंय.

याला ओव्हर-कॉम्प्लायन्स म्हणतात. कायद्याने वीतभर लांब राहा म्हटलं की लोक कोसभर लांब उभे राहतात. हा शब्द मी कितीतरी अहवालांत लिहिला आहे. छान वजनदार शब्द आहे. त्या दिवसांत मला तो लिहावासा वाटेना.

शेवटी मुंबईच्या कन्सल्टन्सीतले माझे टीम हेड, अनुराग सर, यांना व्हिडिओ कॉल लावला. हुशार माणूस, माझ्यापेक्षा वयाने लहान.

"सर, आपल्या लेटरहेडवर एवढंच लिहून द्या की हे सील देणं निर्बंधांत बसतं. कारखानदार तेवढ्यावर देईल."

"आपलं लीगल डिपार्टमेंट परवानगी देणार नाही. एका केसवर आपण ओपिनियन देत नाही." मग त्यांनी आपल्या स्क्रीनवर काहीतरी उघडलं. "अरे, हे जहाज तर आपल्या सॅम्पलमध्ये आहे. तुमच्याकडेच आहे. स्कोअर काय आला?"

आमचा स्कोअर सोपा असतो. निर्बंध लागल्यावर जहाज किती काळ जागेवर थांबलं? जितकं जास्त थांबलं, तितका निर्बंध परिणामकारक. चालतं जहाज म्हणजे नापास, उभं जहाज म्हणजे पास. हे जहाज निर्बंध लागल्यापासून हललंच नव्हतं.

"सगळ्यात वरचा," मी म्हणाले.

"एक्सलंट. मग याचीच केस स्टडी करू या. उभं राहिलेलं जहाज, क्लीन एक्झाम्पल."

मी कॅमेरा बंद केला, कारण चेहरा आवरेना. काय बोलले आठवत नाही. बहुतेक "ओके सर" म्हणाले असेन, तसं म्हणायची सवय असते.

केस स्टडी करायची म्हणून मी त्या जहाजाचे उपग्रहातून काढलेले फोटो मागवले. जहाजाचा बुडाकडचा भाग लाल रंगाने रंगवतात. जहाज तेलाने भरलं की तो भाग पाण्याखाली जातो. रिकामं झालं की जहाज वर उचललं जातं आणि लाल पट्टा दिसायला लागतो. आमच्या कामात ही अगदी पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट. मी फोटो एकापुढे एक ठेवून बघत गेले. निर्बंध लागल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत लाल पट्टा. मग त्याआधीचे बघितले. निर्बंध जाहीर होण्याच्या थोडं आधी हे जहाज दुसऱ्या एका जहाजाला खेटून उभं होतं. पहिल्या फोटोत हे खाली बसलेलं आणि दुसरं उंच. नंतरच्या फोटोत हे उंच आणि दुसरं खाली बसलेलं.

तेल आधीच पलीकडे गेलं होतं. विकलंही गेलं असणार. मालक म्हणजे कुठल्यातरी लांबच्या बेटावर नोंदवलेली एक कंपनी. तिला या जुनाट रिकाम्या जहाजाचं सोयरसुतक नव्हतं. ज्या तेलासाठी एवढं सगळं केलं ते तेल निसटलं, ज्या मालकाला अद्दल घडवायची तो निसटला. अडकले होते ते फक्त भावेश आणि त्याच्यासोबतचे लोक. जगातले मोठे मोठे देश एकत्र येऊन एडवणच्या पोराला पाणी मिळू देत नव्हते, आणि त्या निर्बंधाला आम्ही वरचे मार्क दिले होते.

मी हादरले. इतकी वर्षं हे काम करून मी अशी कधी हादरले नव्हते. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून स्टेशनकडे जाणारा रस्ता दिसतो, रिक्षावाले नेहमीसारखे सीट भरण्यासाठी ओरडत होते, आणि मला वाटत होतं खाली जाऊन कोणाला तरी धरून हे सांगावं. सांगणार काय आणि कोणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडवणला गेले. काका बंदरावर बोटीची मशीन तपासत होते.

"मी जातो," ते म्हणाले. "सील नाय तर नाय. पानी तर माजा हाय ना?"

"एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का?"

"जान्यासारखा हाय. डिझेल नाय."

आता इथे थोडं सांगायला हवं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बंदी उठली तरी आमच्या बंदरावर सगळ्या बोटी मच्छीमार सोसायटी ठरवेल त्या दिवशी एकत्र निघतात, म्हणजे पहिल्या मासळीचा वाटा सगळ्यांना सारखा मिळतो. यंदा काकांना धीर धरवला नाही. भावेशचा फोन नाही, मन घरात लागत नाही, म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी बोट काढली. सोसायटीने त्यांचा बर्फ आणि डिझेल बंद केलं. घट बसेपर्यंत. बर्फाशिवाय मासळी धरून उपयोग नाही, त्यामुळे बोट किनाऱ्यावर. बोलणं-चालणं बंद नाही, हळदीला बोलावणं बंद नाही. वाळीत टाकणं ही वेगळी गोष्ट, आणि तो गुन्हा आहे. फक्त बर्फ आणि डिझेल.

म्हणजे काकांवरही निर्बंध होते. हे कळल्यावर मी डोक्याला हात लावला.

"रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून कॅन भरून आणू," मी म्हणाले.

"लपून कशाला आणू? पोरगा माजा हाय, चोरीचा माल नाय."

हा माणूस कुठेच खोटं बोलायला तयार नव्हता. मी त्यांच्यासोबत सोसायटीच्या ऑफिसात गेले. चेअरमन नारायणमामा टेबलामागे बसले होते. त्यांचं आणि काकांचं फारसं पटत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी वाटेत मुद्दे तयार केले होते. माणुसकी, अपवाद, एकदाच, वगैरे.

"डिझेल पायजे," काका म्हणाले.

"कुठं चाललास?"

"भावेशच्या जहाजाला पानी द्यायला."

"मग विचारतोस काय? घे." मामांनी मागे बसलेल्या माणसाला हाक मारली. "याला डिझेल दे रं."

माझे मुद्दे तसेच राहिले. मलाच राहवेना.

"मामा, पण यांच्यावर बंदी आहे ना?"

"हाय ना. घट बसेपावतर हाय."

"मग डिझेल कसं देता?"

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. एवढी शिकलेली बाई असं काय विचारते, असं ते बघणं होतं. "पानी न् दोर, समुद्रात कोनी मागला तर द्यायलाच लागते. त्याची बंदी नसते. आमच्या बंदरावर आदीपासून तसा हाय." दोर म्हणजे बंद पडलेली बोट ओढून आणणं.

"आणि तुम्ही नाही दिलं तर?"

"तर माजाच डिझेल बंद होल. मी चेअरमन असलो तरी."

मेहुलभाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे या फाटक्या खुर्चीत बसलं होतं. नाही दिलं तर कोण विचारणार? इथे सगळं बंदर विचारणार होतं.

"मातर जाळी काठावर उतरव," मामा काकांना म्हणाले. "सगळी. पानी द्यायला चाललास, मासं मारायला नाय. न् एकटा जाऊ नको, माजी बोट येल संगती. बघायला पन एक मानूस पायजे तुज्यावर."

"बघ की," काका म्हणाले. दोघांपैकी कोणी हसलं नाही, पण वातावरण सैल झालं.

मी त्या सोसायटीचं कौतुक करायला बसलेले नाही. तिच्या सभांत खुर्च्या उडालेल्या मी ऐकल्या आहेत. पण या एका बाबतीत ते लोक चोख होते. बंदी कोणावर, कशाची, कधीपर्यंत, ते सगळ्यांना माहीत. सूट कशाला, तेही माहीत. सवलतीचा गैरफायदा होऊ नये म्हणून जाळी उतरवून घेतली. आणि सूट देणं कोणाच्या मर्जीवर ठेवलं नव्हतं. माझ्या क्षेत्रात एवढ्या गोष्टी एका ठिकाणी जमलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मी किनाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात फोन करून सगळं सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जीव वाचवायला पाणी नेताय, आमची हरकत नाही. वायरलेसवर कळवत राहा. जहाजावर चढायचं नाही आणि तिथून काही घ्यायचं नाही." नारायणमामा सोडले तर इतकं सरळ उत्तर मला त्या आठवड्यात कोणी दिलं नव्हतं.

पाणी आमच्या वाडीच्या विहिरीचं. माझ्या भावाने पंप लावून दिला. जयूकाकी आणि बंदरावरच्या बायका कॅन भरत होत्या. तेवढ्यात बोईसरहून एक टेम्पो आला. आत पाण्याचे भरलेले जार, वरती बिस्किटांची खोकी. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "सेठ ने भेजा है. बोला, किसके लिए है वो पूछना मत, और बताना भी मत." मेहुलभाईंना काही माहीत व्हायला नको होतं. मी जार उतरवून घेतले आणि त्यांच्यावरचा अर्धा राग सोडून दिला.

दोन्ही बोटी सकाळी गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. काका किनाऱ्याला उतरले तेव्हा शर्ट भिजलेला, चेहरा उतरलेला. जयूकाकी कमरेएवढ्या पाण्यात पुढे गेली होती.

"दिला पानी," काका म्हणाले. "सगळा वर खेचून घेतला. खेचता खेचताच पीत होते. कॅनचा झाकन दातांनी उघडला एकाने."

"भावेश?" काकीने विचारलं.

"हाय. बारीक झालाय." मग म्हणाले, "लय उंच हाय गो ते जहाज. मान अशी मागं टाकली तरी पोराचा तोंड नीट दिसला नाय मला."

उंच होतं कारण रिकामं होतं. मला ते ठाऊक होतं आणि काकीसमोर सांगायची माझी छाती झाली नाही. मी पाठ फिरवली आणि रडले.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. त्या बाजूला जाणारी प्रत्येक बोट जादा कॅन भरून घ्यायची आणि जहाजाला देऊन पुढे जायची. एडवणच्या पाठोपाठ शेजारच्या बंदरांच्या बोटीही द्यायला लागल्या. मी इकडे सगळ्या ऑफिसांना मेल पाठवत राहिले, खलाशांच्या युनियनला गाठलं, आणि शेवटी सरकारी मदतीने त्या लोकांना उतरवून किनाऱ्याला आणलं. भावेश घरी आला तेव्हा जयूकाकीने त्याला आधी पाणी दिलं. त्याने तांब्या घेतला, थोडंसं प्यायला, आणि उरलेलं टाकायला तयार होईना. काकीने हात धरून तांब्या काढून घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काका बर्फ मागायला सोसायटीत गेले. घट बसायला अवकाश होता. नारायणमामांनी बर्फ दिला नाही. काका तसेच घरी आले, आणि त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

आणि जहाज? माणसं उतरल्यावर काही आठवड्यांनी कुठूनतरी नवे लोक आले. जहाजाच्या बाजूचं नाव खरवडून नवं रंगवलं. झेंडा बदलला, मालक कंपनीचं नाव बदललं. नव्या नावाने ते चालू लागलं. मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते नवं नाव टाकून पाहिलं. हिरवं.

मी अहवालात हे सगळं लिहिलं. तेल आधीच गेलं होतं, मालक सुटला, शिक्षा खलाशांना झाली, सबब हा निर्बंध नापास. अनुराग सरांचा फोन आला. त्यांनी सगळं वाचलं होतं, आणि गावाने पाणी दिलं ते वाचून त्यांना भरून आलं, असंही ते म्हणाले. मग म्हणाले, "पण स्कोअर बदलायला नको. आपला इंडिकेटर थांबलेल्या काळाचा आहे. आणि बघा, पाणी मिळालं म्हणून क्रू टिकला, क्रू टिकला म्हणून जहाज तेवढे दिवस जागेवर राहिलं. टेक्निकली तुमच्या गावाने निर्बंधाला मदतच केली."

मी फोन कानापासून काढून टेबलावर ठेवला. पलीकडून "हॅलो, हॅलो" येत होतं.

मी त्या अहवालावरून माझं नाव काढून घेतलं. त्याने फार काही बिघडलं नाही. अहवाल गेला, पास झाला. मेहुलभाईंकडे मात्र मी आता वेगळं शिकवते. सूट असली तर नुसती आहे म्हणून थांबू नका, माल द्या आणि का दिला ते लिहून ठेवा, मी सही करते. ते मान हलवतात. देतील की नाही ते वेळ आल्यावर कळेल.

परवा भावेश भेटला, बोईसरच्या नाक्यावर. नव्या जहाजावर जायचं पत्र आलं होतं. मी म्हटलं, अरे इतक्या लवकर? तो हसला आणि पिशवीतून एक खोकं काढून दाखवलं. आत सील होतं. तेच, त्याच कारखान्याचं.

"यावेळी सोबत घेऊन चाललो, ताय."

"दिलं त्यांनी? नाव विचारलं नाही?"

"विचारला ना. कुठल्या बोटीला, बोलले. मी बोललो, बाबाच्या."

एका मिनिटात मिळालं होतं.

जहाजाने नाव बदललं, ते सुटलं. भावेशने नाव सांगितलं नाही, त्याला सील मिळालं. आम्ही एवढी यंत्रणा उभी केली, आणि त्या सगळ्या भानगडीत ती अडवू शकली फक्त मधूकाकांना.